कच्चा लिंबू आणि पिवळं कार्ड

(नागपुरात खेळाडू आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 'खिलाडूवृत्ती' हा शब्द कानावर पडला की पोरं जांभई देतात, हे मला ठाऊक आहे. क्रीडा दिनाला पाहुणे हाच शब्द घेऊन येतात आणि शाल-श्रीफळ घेऊन जातात. म्हणून मी आपल्या मानकापूरच्या कोर्टावरून सुरुवात करतो.

८ नोव्हेंबर २०१७. विभागीय क्रीडा संकुलात बॅडमिंटनच्या सीनियर नॅशनलची, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची फायनल, सायना नेहवाल विरुद्ध पी. व्ही. सिंधू. सिंधू तेव्हा जगात दुसरी, सायना अकरावी. गंमत म्हणजे पुरुषांच्या फायनलमध्येही तेच आकडे, श्रीकांत दुसरा आणि प्रणॉय अकरावा. आणि दोन्हीकडे अकरावा नंबर जिंकला! सायनाने सामना काढला २१-१७, २७-२५. बॅडमिंटनचा गेम एरवी एकवीसला संपतो आणि तीसच्या पुढे तर जातच नाही, त्यामुळे पंचवीसच्या वर गेलेला गेम म्हणजे काय ते खेळणाऱ्याला विचारा. पाय शिशाचे होतात.

माझ्या शेजारी एक काकू बसल्या होत्या. त्यांना एकच प्रश्न छळत होता. "या दोघी एकमेकींशी बोलतात का हो?" सायना बंगळुरूहून दोनच महिन्यांपूर्वी प्रशिक्षक गोपीचंदच्या हैदराबादच्या अकादमीत परतली होती, आणि सिंधू तिथलीच. म्हणजे एकाच छपराखालच्या दोघी. पेपरात रोज काहीबाही छापून येत होतं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही शटल बघा नं." पण त्यांचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात तो प्रश्न असतो. चांगला खेळाडू म्हणजे समोरच्याशी गोड असणारा, असं आपण धरून चाललोय. मला हे पटत नाही.

सिंधू आणि स्पेनची कॅरोलिना मरिन घ्या. २०१६ ची रिओ ऑलिंपिक फायनल. पहिला गेम सिंधूने २१-१९ घेतला, पुढचे दोन मरिनने २१-१२, २१-१५. जिंकल्यावर मरिन कोर्टावरच आडवी पडून रडत होती. हरलेली सिंधू नेटपलीकडे गेली, तिला मिठी मारली, तिची पडलेली रॅकेट उचलून जागेवर ठेवली. तो व्हिडिओ तुम्ही शंभरदा पाहिला असेल. आता २०२३ ची डेन्मार्क ओपनची सेमीफायनल. त्याच दोघी. आरडाओरडा, शटल देण्या-घेण्यावरून कुरबुर, अंपायरने दोघींना समज दिली आणि शेवटी दोघींना पिवळं कार्ड. तिसरा गेम मरिनने २१-७ घेतला. दुसऱ्या दिवशी लोक हळहळत होते, कुठे गेली ती रिओची मैत्री म्हणून.

अहो, कुठे जाणार? पिवळं कार्ड म्हणजे ताकीद. लाल दाखवलं तर समोरच्याला गुण, आणि काळं म्हणजे घरी जा. नियमाने ही पायरी ठेवली आहे, कारण दोन माणसं चौदा-पंधरा वर्षं घाम गाळून समोरासमोर येतात तेव्हा ठिणगी उडणार, हे नियम लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं. शिवाय सिंधू मुळात ओरडणारी नव्हतीच. रिओच्या आधी गोपीचंदने तिला कोर्टाच्या मधोमध उभं करून ओरडायला लावलं होतं, आणि ती रडली होती. ओरडणं तिला शिकवावं लागलं.

मग समोरच्याचा अपमान कशाने होतो? लहानपणी गल्लीत खेळताना धाकट्या भावाला कच्चा लिंबू करायचो आपण. कुणी त्याला दूधभात म्हणायचे. तो आउट झाला तरी आउट नाही, त्याने पकडलं तरी राज्य नाही. त्याला वाटायचं आपण खेळतोय, आणि बाकीचे डोळ्यांनी खुणा करायचे. ज्या दिवशी त्याला कळायचं, त्या दिवशी तो रडत घरी जायचा. मला आठवतं, कारण आमच्या गल्लीतला कच्चा लिंबू मीच होतो.

मोठ्यांनीही असाच खोटा खेळ केलाय. ३१ जुलै २०१२, लंडन ऑलिंपिक, वेम्बली अरीना. महिला दुहेरीचे गटातले शेवटचे सामने. चीनची वांग शियाओली-यू यांग ही जोडी कोरियन जोडीसमोर सर्व्हिस नेटमध्ये मारायला लागली. मुद्दाम! गट जिंकला तर फायनलच्या आधीच आपल्याच देशाच्या दुसऱ्या जोडीशी गाठ पडली असती. कोरियन जोडीलाही जिंकायचं नव्हतं. चारच्या वर फटक्यांची एक रॅली त्या सामन्याच्या पहिल्या गेममध्ये झाली नाही. पुढच्या सामन्यात दुसरी कोरियन जोडी आणि इंडोनेशियाची जोडी, पुन्हा तोच तमाशा. तिकीट काढून आलेल्या लोकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी चार जोड्या बाद, आठ खेळाडू.

तिथे कुणी कुणाला शिवी दिली नव्हती, कुणी रॅकेट आपटली नव्हती. सामना संपल्यावर हस्तांदोलनही झालं असेल रीतसर. आणि तरी बॅडमिंटनने त्याहून वाईट दिवस पाहिला नाही. चूक स्पर्धेच्या आखणीचीही होती, हे मी मान्य करतो. हरण्यात फायदा ठेवला की कुणीतरी हरायला बघणारच. नंतर गटात दुसऱ्या येणाऱ्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायला लागले, म्हणजे हिशेब मांडायला जागाच उरली नाही. बाद झालेल्यांपैकी इंडोनेशियाची ग्रेसिया पोली मात्र खेळत राहिली. नऊ वर्षांनी टोकियोत अप्रियानी राहायूबरोबर तिने सुवर्ण जिंकलं. मला तिचा तो सामना अजून अधूनमधून लावून बघावासा वाटतो.

उलट चीनचा लिन डॅन आणि मलेशियाचा ली चोंग वेई बघा. चाळीस सामने. २८ लिनचे, १२ लीचे. दोन ऑलिंपिक फायनल ली त्याच्याशीच हरला. लंडनमध्ये तिसरा गेम १९-२१. त्याच्या आदल्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये २१-२३. २०१३ मध्ये ग्वांगझूत पायात गोळे आले आणि तिसऱ्या गेममध्ये १७-२० वर त्याने सामना सोडला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. दुसरा कुणी असता तर ड्रॉमध्ये नाव बघूनच पोटात दुखायला लागलं असतं. रिओच्या सेमीफायनलमध्ये शेवटी लीने त्याला हरवलं, तिसरा गेम २२-२०. सामन्यानंतर दोघांनी शर्ट बदलले. फायनलमध्ये चेन लाँगकडून ली हरला, म्हणजे पुन्हा चीनच! सुवर्ण मिळालंच नाही बिचाऱ्याला. पण त्या चाळीस सामन्यांत कुणीही कुणाला एक गुण सवलतीचा दिला असं मला दिसलं नाही.

आता आपल्या गावची गोष्ट. मालविका बनसोड, आपल्या नागपूरची. लहानपणापासून सायना तिचं दैवत. जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनला समोर तीच सायना, दुखापतींनी बेजार झालेली. मालविकाने तिला २१-१७, २१-९ हरवलं. काही जण म्हणाले, दुसऱ्या गेममध्ये जरा हात आखडता घ्यायला हवा होता. का बाप्पा? सायनाला कच्चा लिंबू करायचं होतं का? त्याच महिन्यात लखनौला सय्यद मोदी स्पर्धेच्या फायनलमध्ये सिंधूने मालविकाला २१-१३, २१-१६ ने काढलं. तिनेही काही लहान पोरगी म्हणून दया दाखवली नाही.

पालकांना एकच सांगतो, मोबाइल खिशात ठेवा. बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात मोबाइलवरचं चित्रण दाखवत, शटल लाइनच्या आत की बाहेर यावरून आई-वडील भांडतात आणि मुलं कोर्टावर उभी राहून पाणी पितात, हे मी दर महिन्याला बघतो.

मी कुणी संत नाही, म्हणून हेही सांगून टाकतो. जुनी गोष्ट, पंधरा गुणांच्या गेमचा काळ. मे महिना, पत्र्याचा हॉल, शटल वाहतं म्हणून पंखे-कूलर बंद. तिसरा गेम, चौदा-तेरा, माझी सर्व्हिस. त्याचा स्मॅश माझ्या रॅकेटच्या फ्रेमला चाटून बाहेर गेला, म्हणजे खरं तर रॅली त्याची. अंपायरला दिसलं नाही, लाइनमनने आउट दिलं. मी गप्प बसलो आणि ट्रॉफी घरी नेली.

तो आजही माझ्याबरोबर सकाळी खेळतो. मधे एकदा खेळून झाल्यावर टपरीवर तर्री पोहे खाता खाता मी त्याला सांगितलं, भाऊ, ते लागलं होतं. तो म्हणाला, "माहीत आहे नं. टिक आवाज आला होता." तेव्हापासून त्याच्या लाइनवर पडलेलं माझं प्रत्येक शटल तो आउट देतो. मी वाद घालत नाही.