कपातले आठ सेंट

(पडदा काळा. दळणयंत्राची घरघर. मग वाफेचा फुसकारा.)

हा आवाज जगातल्या कुठल्याही शहरात डोळे मिटून ओळखू येतो. बी दळली जाते, भुकटी दाबून बसवली जाते, गरम पाणी दाबाने तिच्यातून जातं आणि पंचवीस-तीस सेकंदांत कपात तपकिरी धार उतरते. कोपऱ्यात लॅपटॉप उघडून एक माणूस तीन तासांपासून बसलाय. त्याला कुणी उठवत नाही. कॉफी शॉपमध्ये आपण पैसे कॉफीचे मोजतो आणि विकत घेतो खुर्ची.

या कपात भाजलेली कॉफी आहे साधारण 18 ग्रॅम. भट्टीत बीचं वजन पंधरा ते वीस टक्के घटतं. म्हणजे कच्ची बी लागली एकवीस-बावीस ग्रॅम. एका पौंडात असे वीस-एकवीस कप होतात. आता 'फेअरट्रेड' म्हणजे रास्त व्यापाराचा शिक्का असलेल्या कॉफीचा भाव घ्या. अरेबिका या जातीच्या, धुऊन वाळवलेल्या कॉफीसाठी ऑगस्ट 2023 पासून किमान भाव आहे पौंडाला 1 डॉलर 80 सेंट. भागाकार केला, की एका कपाच्या वाट्याला येतात साधारण साडेआठ सेंट. सोपं म्हणून आठ धरू.

तेही शेतकऱ्याच्या हातात पडत नाहीत. हा भाव बंदरात जहाजावर चढलेल्या मालाचा. फळं सोलणं, बी धुणं, वाळवणं, पोती, ट्रकचं भाडं, कर्जाचं व्याज हे सगळं सहकारी संस्था त्यातून वजा करते. उरेल ते शेतकऱ्याचं.

आपली गोष्ट या आठ सेंटांची. पण आधी खुर्चीकडे बघू, कारण ती फार जुनी आहे.

(जुनी चित्रं : फरशीवर मांडी घालून बसलेली माणसं, हातात छोटे पेले.)

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या डोंगराळ जंगलातलं. ती पेय म्हणून रुळली पंधराव्या शतकात, येमेनमध्ये. रात्रभर जागून नामस्मरण करणाऱ्या सूफींना झोप लांब ठेवायला काहीतरी हवं होतं. तिथून ती मक्केला गेली, आणि 1511 मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली. कॉफी पिणारी माणसं एकत्र बसतात, आणि एकत्र बसली की बोलतात, ही खरी अडचण. दीडशेहून जास्त वर्षांनी लंडनमध्येही तेच झालं. 1652 मध्ये तिथे पहिलं कॉफीघर उघडलं. 1675 च्या डिसेंबरअखेर दुसऱ्या चार्ल्स राजाने सगळी कॉफीघरं बंद करण्याचा हुकूम काढला आणि लोक इतके खवळले, की दोन आठवड्यांच्या आत त्याला तो गिळावा लागला. राजाला कॉफीचं वावडं नव्हतं, गप्पांचं होतं.

त्या गप्पांतून काय काय निघालं! एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात जहाजमालक आणि विमा उतरवणारे बसायचे. 'लॉइड्स ऑफ लंडन' हा विमाबाजार त्यातूनच उभा राहिला. जोनाथन्स नावाच्या कॉफीघरात समभागांचे भाव पुकारले जायचे, लंडनच्या शेअर बाजाराची मुळं तिथे आहेत. म्हणजे कॉफीच्या टेबलावर बाजार जन्मला आणि पुढे बाजारानेच कॉफीचा भाव ठरवायला घेतला.

एक माणूस मात्र त्या टेबलावर कधीच नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातली जवळजवळ निम्मी कॉफी सेंट-डोमिंग या एका फ्रेंच वसाहतीतून, म्हणजे आजच्या हैतीतून येत होती, आणि ती पिकवत होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. 1791 मध्ये त्यांनी उठाव केला. मग कॉफीचा मोठा मळा ब्राझील झाला. तिथे गुलामगिरी कायद्याने संपली ती 1888 मध्ये. युरोपातल्या कॉफीघरांत माणसाच्या स्वातंत्र्यावर जी भाषणं रंगली, त्यातली बरीच या कॉफीवर रंगली आहेत.

(न्यूयॉर्क. रात्र. संगणकाच्या पडद्यावर सरकणारे आकडे.)

आज जगातल्या अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात ठरतो, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचे सौदे आजच होतात तिथे. रोबस्टा या दुसऱ्या मुख्य जातीचा लंडनमध्ये. दोन्ही शहरांत कॉफीचं एक झाड उगवत नाही. न्यूयॉर्कचा एक सौदा 37,500 पौंडांचा असतो. आपल्या हिशेबाने जवळपास आठ लाख कप. सौदा करणाऱ्यांतल्या अनेकांना ती पोती कधीच बघायची नसतात. ब्राझीलमध्ये पाऊस लांबला, डॉलर वधारला, एखाद्या फंडाने पैसे काढून घेतले, की आकडा हलतो. मग हजारो मैलांवरच्या डोंगरउतारावर दलाल शेतकऱ्याला सांगतो, 'आज भाव पडलाय.' शेतकऱ्याचा खर्च तेवढाच, झाडं तेवढीच, तोडणीची मजुरीही तेवढीच.

हे नेहमी असं नव्हतं. 1962 मध्ये पिकवणारे आणि विकत घेणारे देश एकत्र आले आणि आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला. कुणी किती कॉफी बाहेर पाठवायची याचा कोटा ठरला. भाव फार घसरू लागला, की कोटा आवळायचा. अमेरिका यात उदारपणे आली असं समजू नका. शीतयुद्ध चालू होतं आणि लॅटिन अमेरिकेतला शेतकरी भुकेला राहिला तर तो डावीकडे जाईल, ही भीती होती. भीतीपोटी का होईना, भावाला एक तळ मिळाला. 1989 च्या जुलैमध्ये कोटे संपले. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. भीतीच उरली नाही, तर भावाचा तळ कोण सांभाळणार?

पुढच्या दहा-बारा वर्षांत व्हिएतनाम कॉफीच्या नकाशावर जवळपास नसल्यातून थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. ब्राझीलचंही पीक वाढलं. 2001 मध्ये अरेबिकाचा भाव पौंडाला 50 सेंटच्या खाली गेला. आपल्या कपात मोजायचं तर दोन-सव्वादोन सेंट. मध्य अमेरिकेतल्या कित्येक मळ्यांत फळं झाडावरच राहिली, कारण तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात सीमा ओलांडताना ॲरिझोनाच्या वाळवंटात 14 मेक्सिकन माणसं उन्हाने मेली. त्यांतले काही वेराक्रूझच्या कॉफीच्या पट्ट्यातून निघाले होते.

आणि कॉफी शॉपांचं काय चाललं होतं? स्टारबक्सची 1992 मध्ये 165 दुकानं होती. 2001 मध्ये साडेचार हजारांहून जास्त. कच्चा माल मातीमोल होत असताना कपाचा भाव उतरला नाही. त्यात लबाडी होती असं म्हणता येणार नाही. कपाच्या किमतीत बी हा फार छोटा तुकडा असतो, मोठे तुकडे म्हणजे गाळ्याचं भाडं, पगार, दूध, वीज. पण याचा दुसरा अर्थ असा, की बीचा भाव दुप्पट झाला तरी दुकान टिकेल, आणि निम्मा झाला तर शेतकरी टिकणार नाही. घसरण सोसण्याची ताकद ज्याच्याकडे सगळ्यात कमी, घसरण त्याच्याच अंगावर येते.

(डोंगरउतार, धुकं. पाठीला टोपल्या बांधलेली माणसं.)

रास्त व्यापाराचा शिक्का या घसरणीसाठीच निघाला. 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हॅवेलार' या नावाने पहिली शिक्क्याची कॉफी विकली गेली. ती आली होती मेक्सिकोच्या ओहाका प्रांतातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून. कल्पना साधी होती. बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या भावाच्या खाली जायचं नाही, आणि वर पौंडामागे थोडी रक्कम संस्थेला सामूहिक कामासाठी द्यायची. आज ही रक्कम 20 सेंट आहे. शाळा, दवाखाना, रोपवाटिका, जे सभेत ठरेल ते.

शिक्का बघितला की आपल्याला बरं वाटतं. थोडं बरं वाटायला हरकत नाही, पण आत डोकावून बघू. एक तर, शिक्का असलेल्या संस्थेचा सगळा माल त्या भावाने विकला जातोच असं नाही. गिऱ्हाईक मिळालं तेवढाच जातो, बाकीचा नेहमीच्या बाजारात. दुसरं जास्त टोचणारं आहे. तोडणी बरेचदा शेतकऱ्याच्या घरचे एकटे करत नाहीत, मजूर करतात. लंडन विद्यापीठाच्या सोआस संस्थेतल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात मजुरांचा अभ्यास केला आणि 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. शिक्का असलेल्या भागांतली मजुरी इतर भागांपेक्षा चांगली असल्याचं त्यांना दिसलं नाही. शिक्का शेतकऱ्याला बघतो, त्याच्या बांधावरच्या मजुराला बघतोच असं नाही.

(दुकानातला फळा. खडूने लिहिलेली नावं : सिदामो, हरार, यिर्गाचेफे.)

आता ही नावं बघा. ही कॉफीची नावं नाहीत, इथिओपियातल्या जागांची आहेत. बी स्वस्तात जाते आणि महाग विकलं जातं ते नाव. मग नाव कुणाचं? 2005 मध्ये इथिओपिया सरकारने अमेरिकेत या तीन नावांचे ट्रेडमार्क मागितले. तिथल्या कॉफी व्यावसायिकांच्या संघटनेने हरकत घेतली. स्टारबक्सचं म्हणणं होतं, की यासाठी ट्रेडमार्क नव्हे, भौगोलिक प्रमाणपत्र हा मार्ग बरा. गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेने मोहीम काढली, लोकांनी कंपनीला पत्रांचा मारा केला, आणि जून 2007 मध्ये कंपनीने इथिओपियाशी करार करून ती नावं मान्य केली. या भांडणात कुणी मदत मागत नव्हतं. एक देश आपल्या मालकीची वस्तू मागत होता. मला यात शिक्क्यापेक्षा जास्त दम वाटतो.

रास्तपणाचा प्रश्न मळ्यापुरता नाही. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये उघड झालं, की स्टारबक्सने तिथे 14 वर्षांत 3 अब्ज पौंडांहून जास्त विक्री केली आणि कंपनी कर भरला 86 लाख पौंड. नावाचं स्वामित्वशुल्क नेदरलँड्सला जायचं, बी खरेदी व्हायची स्वित्झर्लंडमधल्या कंपनीमार्फत, आणि ब्रिटिश हिशेबात नफा फारसा उरायचाच नाही. कायदा मोडला नव्हता. मात्र पलीकडच्या कोपऱ्यावर एकाच दुकानाचा मालक पूर्ण कर भरून कॉफी विकत होता, त्याच्याकडे असा रस्ता नव्हता. गिऱ्हाइकं चिडल्यावर कंपनीने दोन वर्षांत 2 कोटी पौंड भरायचं कबूल केलं. कर खुशीने भरायची गोष्ट झाली हीच गंमत.

आणि काउंटरमागे? डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात याच साखळीच्या एका दुकानातल्या कामगारांनी युनियनच्या बाजूने मतं दिली. मग शेकडो दुकानांत तेच झालं. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजा ज्याला घाबरला, ते एकत्र बसून बोलणं या वेळी गल्ल्याच्या आतल्या बाजूला सुरू झालं.

(पुन्हा डोंगर. पहाट.)

2025 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कचा आकडा पौंडाला 4 डॉलरच्या वर गेला. ब्राझील आणि व्हिएतनाम दोन्हीकडे दुष्काळ पडला होता. कपातले आठ सेंट एकोणीसच्या आसपास गेले. हमीभाव अचानक लहान दिसू लागला. अशा वर्षी सहकारी संस्थांची वेगळीच पंचाईत होते. त्यांनी माल आधीच कमी भावाने करारात बांधलेला असतो, आणि खासगी दलाल बांधावर येऊन रोख पैसे मोजतो. सभासद कुणाला माल देईल? तुम्ही कुणाला दिला असता?

(जमिनीत खड्डे. काळ्या पिशव्यांतली वीतभर रोपं.)

भाव चढला की रोपं लागतात. अरेबिकाचं रोप फळ धरायला तीन-चार वर्षं घेतं. या उतारावर, पुढच्या उतारावर, दुसऱ्या देशातल्या उतारावरही सगळ्यांनी याच भावाकडे बघून खड्डे खणलेत. ही बाई पिशवी फाडते, मुळांची माती सांडू न देता रोप खड्ड्यात ठेवते, कडेची माती पायाने दाबते आणि पुढच्या खड्ड्याकडे सरकते. दुपारपर्यंत तिला दोनशे लावायची आहेत.