एक अक्षर बदलतं आणि औषध निकामी होतं

श्रोतेहो, नमस्कार.

कॅन्सरचा किंवा क्षयाचा रुग्ण औषध चालू असूनही पुन्हा खालावतो, तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘शरीराला औषधाची सवय झाली.’ हे वाक्य मला खटकतं. कारण शरीराला काही झालेलं नसतं. बदललेली असते ती कॅन्सरची पेशी किंवा क्षयाचा जिवाणू. आणि पुष्कळदा हा बदल औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच होऊन गेलेला असतो.

हे जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1952 साली एका साध्या प्रयोगातून दाखवलं. ताटलीत वाढलेल्या जिवाणूंवर त्यांनी मखमलीचा तुकडा हलकेच दाबला आणि तोच तुकडा स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध घातलेल्या ताटल्यांवर टेकवला. बहुतेक जिवाणू मेले, पण जे तगले ते प्रत्येक ताटलीत नेमक्या त्याच जागी. मग मूळ ताटलीतल्या त्या जागेवरचे जिवाणू उचलत, वाढवत गेल्यावर शेवटी असे जिवाणू हाती लागले, ज्यांनी औषधाचा थेंबही पाहिला नव्हता आणि तरी ते औषधाला दाद देत नव्हते. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, नकलेत क्वचित चूक होते. औषध येतं तेव्हा बाकीच्या पेशी मरतात आणि चुकीची नक्कल झालेली ती पेशी मोकळ्या जागेत वाढत जाते.

आता ही चूक एखाद्या एन्झाइमच्या, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात झाली तर काय होतं, ते जवळून पाहू.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर. यात नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं जोडजनुक तयार होतं. त्यातून बनणारं एन्झाइम एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून फॉस्फेट घेतं, ते दुसऱ्या प्रथिनांना चिकटवतं आणि ‘वाढा, वाढा’ असा निरोप अखंड देत राहतं. 2001 साली इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. ते या एन्झाइमच्या खाचेत, एटीपीच्या जागी जाऊन बसतं. ज्या आजारात पूर्वी काही वर्षांचं आयुष्य हाती असायचं, तिथे रोज गोळी घेऊन माणसं कामाला जाऊ लागली.

पण त्याच वर्षी, औषध निकामी ठरलेल्या रुग्णांच्या पेशींमध्ये कारणही सापडलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि त्या जनुकात 315व्या अमिनो आम्लासाठी ए-सी-टी अशी डीएनएची तीन अक्षरं असतात. मधल्या सीचा टी झाला, एवढंच. थ्रिओनिनऐवजी तिथे आयसोल्युसिन आलं. थ्रिओनिनकडे ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते, तिच्याशी इमॅटिनिबचा हायड्रोजन बंध जुळतो. आयसोल्युसिनकडे ती जोडी नाही, शिवाय ते जागाही जास्त अडवतं. औषधाला आत शिरता येत नाही. एटीपी मात्र पूर्वीसारखंच येतं-जातं. एन्झाइम पूर्ण मोडलं असतं तर त्यावर जगणारी कॅन्सरची पेशीही संपली असती. म्हणून टिकतो तो असाच बदल, जो औषधाला अडवतो पण एन्झाइमचं काम चालू ठेवतो.

क्षयात याच्या उलटी वाट दिसते, आणि मला ती जास्त विलक्षण वाटते. आयसोनियाझिड 1952पासून वापरात आहे, पण ते दिलं जातं त्या रूपात जिवाणूला मारत नाही. क्षयाच्या जिवाणूचंच कॅटजी नावाचं एन्झाइम त्याला जागं करतं, मग ते घातक होतं. म्हणजे जिवाणू स्वतःच्या हातानं स्वतःचं विष तयार करतो. हे जनुक हाती लागायला 1992 साल उजाडलं. हे एन्झाइम सरसकट गमावणं जिवाणूला परवडत नाही, कारण हायड्रोजन पेरॉक्साइडपासून तेच त्याचं रक्षण करतं. मग सर्वाधिक आढळणारा बदल कोणता? सेरिनच्या जागी थ्रिओनिन. या बदलानंतर रक्षणाचं काम बऱ्यापैकी चालतं, औषधाला जागं करण्याचं काम जवळपास थांबतं.

काही पेशी एन्झाइमला धक्काही लावत नाहीत. मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाला पुरून उरलेल्या पेशींमध्ये रॉबर्ट शिम्के यांच्या प्रयोगशाळेला 1978 साली, ते औषध ज्या एन्झाइमला अडवतं त्याच्या जनुकाच्या प्रतीच वाढलेल्या दिसल्या. एन्झाइम इतकं होतं, की औषध अपुरं पडावं.

क्षयाला एकदम चार औषधं का, याचं उत्तर यातच आहे. ढोबळमानाने दहा लाखांत एक जिवाणू आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एक रिफॅम्पिसिन या क्षयाच्या दुसऱ्या औषधाला आधीच दाद देत नसतो. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जिवाणू असू शकतात, त्यामुळे एकट्या औषधातून सुटणारा कुणीतरी तिथे असतोच. दोन्ही बदल एकाच जिवाणूत आपसूक जुळून येणं मात्र फारच दुर्मीळ. गोळ्या मध्येच सोडल्या किंवा एकच औषध चालू ठेवलं, की हे गणित बिघडतं.

ल्युकेमियात 315व्या जागेवरच्या त्या बदलापुढे डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही पुढची औषधंही हरली. 2012 साली आलेल्या पोनॅटिनिबची रचना त्या अडथळ्याला वळसा घालून जाईल अशी सडपातळ केलेली आहे. 2021 साली मंजूर झालेलं ॲसिमिनिब त्या खाचेकडे फिरकतच नाही. ते एन्झाइमच्या दुसऱ्याच एका कोनाड्यात बसून त्याला निष्क्रिय करतं. आता रुग्णाच्या रक्तात बीसीआर-एबीएलचं प्रमाण पुन्हा चढू लागलं, की प्रयोगशाळेत त्या जनुकाची अक्षरं वाचली जातात. कोणतं अक्षर बदललं आहे हे पाहून पुढची गोळी ठरते. एकाच जनुकात दोन बदल एकत्र आले तर यातलीही काही औषधं अपुरी पडतात, आणि तिथलं संशोधन अजून सुरू आहे.

नमस्कार.