बटाटा जातो ट्रकनं, परत येतो पाकिटातनं

बसा मंडळी, मागं खुर्च्या रिकाम्या आहेत, उभं राहू नका. पत्रिकेवर माझ्या नावापुढं 'तज्ज्ञ' छापलंय ते सोडून द्या. मी नोकरीनिमित्त काही वर्षं फ्रान्समध्ये काढली, उत्तरेला लीलच्या बाजूला, आणि घरची शेती असल्यामुळं रविवारी बाकीचे म्युझियम बघायला जायचे तेव्हा मी बांधाबांधानं हिंडायचो, एवढंच भांडवल.

तर तिथं सप्टेंबर-ऑक्टोबरला काय दिसतं, तर बटाटा. शेताच्या कडेला डांबरी रस्त्यालगत बटाट्याची लांबच लांब रास, पुरुषभर उंच, वरनं ताडपत्री टाकलेली, एक मशीन ती रास पोखरत माती झाडत ट्रक भरतंय आणि ट्रक चालला बेल्जियमला. बॉर्डर म्हणजे काय, तर अर्ध्या तासाचा रस्ता, नाका नाही न् काही नाही. मी तिथल्या एकाला विचारलं की बाबा हे सगळं तिकडंच का जातं, तो म्हणाला कारखाने तिकडं आहेत म्हणून. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये गेलो, फ्रीजरमधनं फ्राइजचं पाकीट काढलं, उलटं करून बघितलं, बेल्जियम! म्हणजे ताजा बटाटा बाहेर पाठवण्यात जगात पहिल्या नंबरावर असणारा देश स्वतःच्याच बटाट्याचे तुकडे तळून-गोठवून परत विकत घेतोय.

मला वाटलं एखादी गंमत असेल, पण हे खूळ बटाट्यापुरतंच नाही हो. दक्षिणेकडं पास्त्याचा तो कडक गहू पिकतो, त्यातला भरपूर इटलीला जातो आणि दुकानात पास्त्याची पाकिटं बरीचशी इटलीची. कोंबडीचंही तेच. फ्रान्समध्ये खाल्ली जाणारी जवळपास निम्मी कोंबडी बाहेरनं येते, पोलंड, बेल्जियम, नेदरलँड्स, आणि त्यातल्या बेल्जियम-नेदरलँड्सला पशुखाद्यासाठी फ्रान्सचाच गहू जातो. आपल्याकडं म्हातारी माणसं सांगायची ना, कापूस वऱ्हाडचा आणि कापड मँचेस्टरचं, मला तेच आठवलं, फक्त इथं कुणाचं राज्य नव्हतं, स्वतःहून चाललेलं.

आता हा देश काही लहानसहान नाही. युरोपियन युनियनच्या शेतीमालात किमतीनं साधारण सहावा हिस्सा एकट्या फ्रान्सचा, पहिला नंबर. पॅरिसच्या दक्षिणेला बोस म्हणून पठार आहे, नुसता गहू, झाड दिसत नाही, शार्त्रच्या चर्चचे मनोरे मैलोन्‌मैल लांबनं गव्हावर तरंगताना दिसतात. हा गहू सेन नदीवरच्या रुआँ बंदरातनं जहाजात भरतात, गव्हाच्या निर्यातीत पश्चिम युरोपातलं ते सगळ्यात मोठं बंदर. चांगल्या वर्षी साडेतीन कोटी टन गहू होतो आणि साधारण निम्मा बाहेर जातो. पण २०२४ च्या पिकाला पेरणीपासनं पाऊस हटेचना, पेरा कमी झाला, वसंतात ऊन नाही, रोग पडला, उत्पादन आलं २.६ कोटी टनांच्या आसपास, जवळपास चाळीस वर्षांतलं सगळ्यात कमी. आणि त्याच वर्षी अल्जेरियाशी राजकारणावरनं बिनसलं. अल्जेरिया म्हणजे वर्षानुवर्षांचं ठरलेलं गिऱ्हाईक, पण त्यांनी आधीच नियम सैल करून रशियाच्या गव्हाला दार उघडलेलं. गिऱ्हाईकाला एकदा दुसरं दुकान सापडलं की काय होतं हे आपल्या कांदावाल्यांना मी काय सांगू, डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी अजून कुणी विसरलेलं नाही.

मग पैसा येतो कुठनं? बाटलीतनं. २०२२ ला वाइन आणि कोन्याकसारखी (म्हणजे द्राक्षाची ब्रँडी) दारू मिळून १७ अब्ज युरोच्या वर निर्यात झाली. ही बाटली वजा केली तर शेजारच्या युरोपियन देशांबरोबरच्या खाण्यापिण्याच्या व्यापारात फ्रान्स चक्क तोट्यात आहे. आणि बाटलीचं वेगळेपण काय, तर द्राक्ष तिथलं, दारू तिथंच बनते आणि नाव पण गावाचं. १९३५ च्या कायद्यानं गावाच्या नावाला कुंपणच घातलं, कुठलं गाव, द्राक्षाची कुठली जात, एकरी किती उतारा घ्यायचा सगळं ठरलेलं. शँपेन शँपेनमध्येच होणार, बाजूच्या तालुक्यात तशीच केली तरी ते नाव लावता येणार नाही. आपल्या हापूसला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं असंच कायदेशीर कुंपण, मिळालं २०१८ ला, यांना आपल्यापेक्षा ऐंशी-एक वर्षांची आघाडी.

पण नावालाही नजर लागतेच. कोन्याक जवळजवळ सगळी परदेशातच खपते, आणि भांडण झालं इलेक्ट्रिक गाड्यांवरनं. युरोपनं चिनी गाड्यांवर जादा ड्युटी लावली, चीननं उलट ब्रँडी पकडली. गाडीशी ज्याचा काडीचा संबंध नाही तो कोन्याक पिकवणाऱ्या शारांत भागातला द्राक्षवाला मधल्या मधे मेला. तिकडं बोर्दोमध्ये स्वस्तातली रेड वाइन कुणी पिईना म्हणून सरकारनं पैसे देऊन हजारो हेक्टर बागा उपटायला लावल्या. बाग उपटताना बघवत नाही, नाशिकवाल्यांना कळेल मी काय म्हणतोय.

शेतकरी किती उरलेत? २०२० च्या मोजणीत ३ लाख ९० हजार शेतं, दहा वर्षांत एक लाख कमी झाली, आणि एकाची सरासरी जमीन ६९ हेक्टर म्हणजे १७० एकर. १७० एकरवाला रडतो म्हटल्यावर तुम्ही हसणार, मी पण हसलो होतो. पण २०२३ च्या शेवटी तिथल्या तरुण शेतकऱ्यांनी गावोगावच्या नावाच्या पाट्या खोलून उलट्या लावल्या, म्हणणं काय तर सगळा कारभार डोक्यावर उभा आहे. पुढं जानेवारीत ट्रॅक्टर हायवेवर आले, डिझेलची सवलत काढणार होते ते थांबलं, पंतप्रधान गवताच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून घोषणा वाचत होते.

आता शेवटचं सांगतो, मग चहा. तिकडं उत्तरेलाच कांब्रे शहराजवळ एस्कोदव्र नावाच्या गावात बिटाचा साखर कारखाना होता, सहकारी. २०२३ ला बंद केला. बीट कमी झालेलं, कारखाने जास्त, हे गणित तुम्हाला तोंडपाठ आहे. आणि त्याच जागेवर आता फ्राइजचा कारखाना आणतंय कोण, तर बेल्जियमची कंपनी! म्हणजे बटाटा एकदाचा तिथंच तळला जाणार, मालक मात्र बॉर्डरपलीकडचाच. ही बातमी ऐकून तिकडच्या लोकांनी बिटाचं रान बटाट्याला दिलं, सगळ्यांनी एकदमच दिलं, आणि २०२५ ला खुल्या बाजारात बटाट्याचा भाव असा कोसळला की ज्याचा कारखान्याशी आधी करार झाला होता तो तरला, आणि ज्यानं 'भाव वाढेल, बघू' म्हणून हात राखला त्याची रास रस्त्याकडंला ताडपत्रीखाली तशीच पडून.