बद्द वाजलं की

सकाळचे सव्वासात. मे महिना, नागपूर. आमच्या कॅमेऱ्यासमोर कॉलेजच्या वर्कशॉपचं शटर वर जातं आणि सर सगळ्यात आधी भिंतीवरचं थर्मामीटर बघतात. निवृत्त झाले, तरी येतात.

ही कुलरची टाकी. पत्र्याची टाकी दर उन्हाळ्यात गंजून गळायची, म्हणून नव्यानेच लेक्चरर झालेल्या सरांनी तिला आतून काचेच्या कापडाचं आणि रेझिनचं, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचं, अस्तर दिलं. कापड आणि रेझिन मिळून होणाऱ्या या कंपोझिटशी सरांचं नातं जुळलं ते असं. टाकी अजून वापरात आहे.

हा कागदी कप. थोड्या वेळापूर्वी यात मधासारखं इपॉक्सी रेझिन होतं, आता काडी उभी राहतेय आणि धूर निघतोय. त्याला घट्ट करणारा हार्डनर पडला की रेझिन स्वतःच तापतं. ढोबळ हिशेब असा, की दहा अंश वाढले की हातातला वेळ निम्मा. डब्यावरचा वेळ 25 अंशांचा, आणि आपल्याकडे दुपारी 45! म्हणून सरांचं उन्हाळी प्रॅक्टिकल सकाळच्या शाळेसारखं सातला भरायचं. हा कप सर मुद्दाम वाया घालवतात. पहिल्याच तासाला.

(फक्त रोलरचा आवाज.)

कापडाचा एक थर सरळ, पुढचा 45 अंशांत. तंतू ज्या दिशेला, ताकद त्या दिशेला. रोलर मधून कडेकडे जातो, कारण आत अडकलेल्या बुडबुड्यापासूनच पुढे तडा जातो. "पोट्टेहो, जोर नका लावू, हवा हाकला!"

वर प्लॅस्टिकची पिशवी, कडेने सीलंट, मग पंप. पिशवी आवळते तेव्हा चौरस मीटरला जवळपास 10 टनांचा भार बसतो, तोही फुकटच्या हवेचा.

विमानाच्या भागांना एवढं पुरत नाही. तिथे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाची बंद भट्टी लागते, 180 अंशांची उष्णता आणि वातावरणाच्या कितीतरी पट दाब. बोइंग 787 चे कार्बन कंपोझिटचे फ्लोअर बीम, म्हणजे जमिनीखालचे आडवे बीम, इथेच, नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बनलेत. आमचा कॅमेरा आत गेलेला नाही, म्हणून हा नुसता रस्ता. सरांनी कॉलेजसाठी छोटा ऑटोक्लेव्ह मागितला होता. फाइल फिरत राहिली, सर निवृत्त झाले.

काल थर रचून केलेला कंपोझिटचा पत्रा साच्यातून सुटतोय. सर खिशातून रुपयाचं नाणं काढतात आणि बोटभर अंतरावर वाजवत जातात. टण, टण, टण. मग एका जागी बद्द. थर सुटलाय.

सर पुन्हा वाजवतात, कान जवळ नेतात आणि त्या जागेभोवती खडूने गोल काढतात.