एका टायट्रेशनमधलं रसायनशास्त्र

नमस्कार श्रोतेहो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलामुलींशी आज एकाच प्रॅक्टिकलबद्दल बोलायचं आहे: ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांचं टायट्रेशन. टायट्रेशन म्हणजे एका द्रावणाच्या मोजलेल्या भागात दुसरं थेंबथेंब सोडून, अभिक्रिया पूर्ण व्हायला ते किती लागतं हे बघणं. इथे परमँगनेटचा फिका गुलाबी रंग टिकला की अभिक्रिया पूर्ण. जर्नलमध्ये ते दोन पानांत उरकतं. पण प्रत्येक पायरीला ‘हे असंच का?’ असं विचारत केलं, तर थिअरीचा बराच भाग तिथेच समजतो.

आधी वजन. २५० मिलिलिटर ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) द्रावणासाठी ऑक्झॅलिक आम्ल लागतं १.५७६ ग्रॅम. हा हिशेब १२६.०७ या रेणुभाराचा, कारण बाटलीतल्या स्फटिकांत आम्लाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात. ते विसरून रेणुभार ९० धरला आणि १.१२५ ग्रॅम घेतले, तर द्रावण जवळजवळ २९ टक्के पातळ होतं. मग जिथे १० मिलिलिटर परमँगनेट लागायला हवं, तिथे ७.१ वरच गुलाबी रंग येतो. मात्र काट्यावर बरोबर १.५७६ यावं म्हणून स्पॅच्युलाने काढ-घाल करत बसू नका. १.६०० आलं तरी चालतं. आलं ते वजन लगेच लिहा आणि मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल ते) त्यावरूनच काढा, ती येईल ०.०५०८.

आता विसळणं. ब्युरेट (थेंबथेंब सोडायची खुणांची नळी) परमँगनेटने विसळायची, पिपेट (ठरलेलं माप उचलायची नळी) ऑक्झॅलिक आम्लाने, पण कॉनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर परमँगनेट पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तर काही बिघडत नाही, कारण आम्ल किती घ्यायचं ते पिपेटने आधीच मोजलेलं असतं. फ्लास्क आम्लाने विसळला, तर मात्र न मोजलेलं आम्ल आत राहतं. हा फरक ज्याला सांगता येतो, त्याला मोलॅरिटी आणि मोल यांतला फरक कळला आहे असं खुशाल समजावं.

ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना, हे बघा. तो मध्येच निघून गेला तर तेवढी जागा भरायला द्रावण जातं, फ्लास्कमध्ये ते पडतच नाही. भरून झाल्यावर वरचं फनेल काढून ठेवा, त्यातून एखादा थेंब नंतर खाली येतो. परमँगनेट गडद असल्याने खालची वक्र कड दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं, सुरुवातीला आणि शेवटीही. पिपेटच्या टोकात उरलेला थेंब फुंकू नका, तो वगळूनच पिपेटवर खूण केलेली असते.

फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल, तेवढंच १ मोलर सल्फ्युरिक आम्ल, आणि ६० ते ७० अंशांपर्यंत उष्णता. वाफा दिसायला लागल्या की बर्नरवरून उतरवा. उकळलं तर ऑक्झॅलिक आम्लाचं विघटन होतं. गार झालं तर अभिक्रिया मंदावते, गुलाबी रंग रेंगाळतो आणि एंड पॉइंट (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) आला असं वाटतं. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं, तर मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. असं झालं तर तो फ्लास्क ओतून द्या, पुन्हा सुरुवात करा. हायड्रोक्लोरिक आम्ल इथे चालत नाही, कारण परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचंही ऑक्सिडेशन करतं. नायट्रिक आम्ल तर स्वतःच ऑक्सिडीकारक.

पहिला थेंब टाकल्यावर घाई करू नका. फ्लास्क फिरवत बघा: रंग जायला चांगला वेळ लागतो. पुढचे थेंब मात्र पडताक्षणी विरतात. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे +२ आयन त्याच अभिक्रियेला वेग देतात, यालाच ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात. खात्री करायची असेल तर शिक्षकांना विचारून एका फ्लास्कमध्ये आधीच चिमूटभर मँगनस सल्फेट टाका, पहिला थेंबही चटकन विरेल.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास येणारा प्रश्न: परमँगनेट इतकं गडद आणि मँगनीज +२ जवळजवळ रंगहीन का? परमँगनेटमधल्या +७ मँगनीजकडे एकही डी-इलेक्ट्रॉन नसतो, तो जांभळा रंग ऑक्सिजनकडून मँगनीजकडे होणाऱ्या चार्ज ट्रान्सफरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सरकण्याचा. +२ मध्ये पाच डी-इलेक्ट्रॉन एकेका ऑर्बिटलमध्ये असतात. तिथे डी-डी संक्रमणासाठी, म्हणजे एका डी-ऑर्बिटलमधून दुसऱ्यात जाण्यासाठी, इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटावा लागतो, आणि ते निषिद्ध असल्याने रंग अगदी फिका.

एक कळकळीची विनंती. १०.०, १०.०, १०.० अशी जुळवलेली रीडिंग लिहू नका. पायलट (अंदाजासाठी घेतलेल्या पहिल्या) रीडिंगनंतर १०.१, १०.०, १०.१ आलं, तर तेच लिहा. ब्युरेटचा लीस्ट काउंट (तिच्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.१ मिलिलिटर, म्हणजे दहाला एक टक्का. पिपेट २५ मिलिलिटरची घेतली तर तोच फरक ०.४ टक्क्यावर येतो. हे गणित खऱ्या आकड्यांतूनच समजतं.

सगळं आवरताना ब्युरेटच्या आतून तपकिरी डाग दिसले, तर ब्रशने घासू नका. ते मँगनीज डायऑक्साइडचे असतात. उरलेल्या ऑक्झॅलिक आम्लात थोडं सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून ते कोमट करा, ब्युरेटमध्ये फिरवा, डाग जातील. का जातात, त्याचं समीकरण जर्नलच्या शेवटच्या ओळीत लिहून ठेवा.