रेक्स बेगोनिया : आधी घरातली हवा, मग पानाचा रंग

मंडळी, रेक्स बेगोनिया विकत घेताना आपण सगळे पानाकडे पाहतो. ते स्वाभाविकच आहे, कारण हे झाड फुलासाठी कोणी लावत नाही. चांदीवर जांभळ्या कडा, गडद हिरव्यावर गुलाबी पट्टा, गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला देठाजवळचा भाग, हे सगळे पाहून हात पाकिटाकडे जातो आणि दोन महिन्यांनी कुंडीत एक कुजलेला दांडा उरतो. आज मी मुख्यतः एवढेच सांगणार आहे, की या झाडाची निवड रंगावरून न करता आपल्या घरातल्या हवेवरून करावी. रंगाचा विचार त्यानंतर करायला भरपूर वाव आहे.

त्यासाठी हे झाड मूळचे कुठले ते लक्षात घ्यावे लागते. मूळ बेगोनिया रेक्स ही जाती आसाम आणि पूर्व हिमालयाच्या पायथ्याच्या टापूतली. १८५० च्या दशकात आसामातून गेलेल्या झाडांबरोबर ती युरोपात पोहोचली, ब्रसेल्सच्या जाँ लिंडेन यांच्या रोपवाटिकेतून लोकांपुढे आली आणि ज्यूल पुत्झेस या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५७ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर तिचा आशियातल्या इतर बेगोनियांशी संकर होत गेला. आज दुकानात मिळतात ती जवळजवळ सगळी झाडे या संकरांची वंशज आहेत, मूळ जाती नव्हेत. संकर झाले तरी स्वभाव मात्र डोंगरउतारावरच्या सावलीतलाच राहिला : झऱ्याकाठचा खडक, त्यावर साचलेल्या पालापाचोळ्याचा पातळ थर, त्यात वरच्यावर पसरलेली बारीक मुळे आणि जवळजवळ बारा महिने दमट राहणारी हवा.

आपल्या सह्याद्रीतही बेगोनिया आहेत. पावसाळ्यात घाटात फिरलेल्यांनी ओल्या कातळाच्या भेगांत फिकट गुलाबी फुलांचा बेगोनिया क्रेनाटा नक्की पाहिला असेल. पण त्याची रीत वेगळी आहे. पाऊस संपला की तो पाने टाकतो आणि बारीक कंदाच्या रूपाने पुढच्या जूनपर्यंत दडून बसतो. रेक्सला अशी पळवाट फारशी नाही. त्याचे जाड, आडवे वाढणारे खोड थोडेफार पाणी साठवते, काही संकर थंडीत बरीच पाने गाळतातही, परंतु एप्रिल-मेच्या कोरड्या झळांतून निसटण्याची सोय त्याच्या अंगात नाही. सह्याद्रीच्या बेगोनियाने जे कोडे सोडवले आहे, ते रेक्ससाठी आपल्याला सोडवावे लागते.

आता हे झाड मरते कसे ते जरा जवळून पाहू. पुण्या-नाशकात मार्च-एप्रिलमध्ये दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. रेक्सचे पान मोठे आणि पातळ असते, मुळे बारीक असतात. पान जेवढे पाणी हवेत सोडते तेवढे मुळे पुरवू शकत नाहीत. म्हणून सर्वांत दूरची जागा, म्हणजे पानाची कड, आधी वाळते आणि तपकिरी, कुरकुरीत होते. आपण ती कड पाहतो आणि झाड तहानलेले आहे असे समजून पाणी घालतो. माती आधीच ओली असते. आता मुळांभोवतीची हवा जाते, मुळे तपकिरी पडून कुजू लागतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्याने संपूर्ण पान मान टाकते. मान टाकलेले पान पाहून आपण पुन्हा पाणी घालतो. तहानेने मलूल झालेले झाड आणि मुळे कुजून मलूल झालेले झाड वरून अगदी सारखे दिसते. फरक कुंडी उचलल्यावर कळतो. कुंडी हलकी असेल तर पाणी द्यावे; जड असेल तर पाण्याला हातही लावू नये, झाड काढून मुळे पाहावीत.

थोडक्यात, पाणी मातीत कमी आणि हवेत जास्त हवे आहे. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर टिकली तर बहुतेक रेक्स समाधानाने राहतात. हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र, काहीशे रुपयांत मिळतो, आणि पहिले झाड घेण्याआधी तो घ्यावा असे मी आग्रहाने सांगतो. दिवसातून चार वेळा पानांवर फवारणी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने हवेतला ओलावा वाढतो तो काही मिनिटांपुरता, आणि पानावर थांबलेले थेंब मात्र डागांना व बुरशीला आमंत्रण देतात. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीचाही मोठा उपयोग होतो असे मला वाटत नाही. ती मुख्यतः आपल्या मनाच्या समाधानासाठी असते. त्यापेक्षा दहा-बारा झाडे एकमेकांना खेटून, वारा थेट न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर त्यांची ती बरी हवा तयार होते. वातानुकूलन यंत्राच्या झोतात किंवा पंख्याखाली मात्र हे झाड कधीही ठेवू नये.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथल्या श्रोत्यांचे दुखणे वेगळे आहे. तिथे आर्द्रता भरपूर आहे, पण मेमध्ये रात्रीचे तापमानही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या खाली येत नाही. रेक्सला साधारण सोळा ते पंचवीस अंश मानवतात. त्याहून जास्त उष्णता तो काही तास सोसतो, रात्र थंड मिळाली तर सावरतो, पण रात्रीही उसंत मिळाली नाही तर वाढ थांबते आणि खोड कुजण्याचा धोका वाढतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी म्हणून पूर्वेची, वारा खेळता असलेली बाल्कनी शोधावी, उन्हाळ्यात खत बंद करावे आणि माती जरा कोरडीच ठेवावी. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या मंडळींना मी काय सांगणार? त्यांना फक्त हिवाळ्यातल्या थंड रात्री सांभाळायच्या आहेत.

निवडीकडे येऊ. रोपवाटिकेत गेल्यावर सर्वांत भरदार झाड उचलू नये. ते बहुधा हरितगृहातल्या दमट हवेत झटपट वाढवलेले असते, आणि आपल्या दिवाणखान्यात आल्यावर त्याची मोठी पाने आधी गळतात. मध्यम आकाराचे झाड घ्यावे आणि ते नीट तपासावे. पान उलटे करून शिरांच्या बेचक्यात पाहावे : पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण आहे, झाड परत ठेवावे. कुंडीच्या मधोमध नवी पाने उलगडत आहेत का ते पाहावे; केंद्रातले कोवळे पान काळे पडले असेल तर बाकीची पाने कितीही देखणी असोत, उपयोग नाही. मातीवर टेकलेले जाड खोड बोटाने हलकेच दाबावे. ते कच्च्या बटाट्यासारखे टणक लागले पाहिजे. पिचपिचीत लागले किंवा कुबट वास आला तर विषय संपला. ऊतिसंवर्धनाची, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून वाढवलेली रोपे कधीकधी मुळांभोवती पातळ कापडाची पुडी ठेवूनच कुंडीत लावलेली असतात. ती पुडी बाकीच्या मातीपेक्षा जास्त वेळ ओली राहते आणि नेमके मधले खोड कुजते. घरी झाड आठ-दहा दिवस रुळले की ही पुडी हळूच कापून काढावी.

वाणांबद्दल बोलायचे तर नवशिक्यांना मी 'एस्कार्गो' सुचवतो, कारण तो दिसतो नाजूक पण आहे काटक, आणि तो सहज मिळतो. सर्वसाधारणपणे जाडसर, खरखरीत, लहान पानांचे वाण कोरडी हवा जास्त सोसतात. पातळ, रेशमी, ताटाएवढ्या पानांचे वाण आधी हार मानतात. पानावरची चांदी म्हणजे रंगद्रव्य नव्हे. वरच्या त्वचेखाली हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांवरून प्रकाश परततो, म्हणून ती जागा चमकते. प्रकाश फार कमी पडला की देठ लांबतात, झाड विरळ होते आणि नक्षी मंदावते; थेट दुपारचे ऊन पडले की रंग उडतो आणि पान भाजते. पूर्वेच्या खिडकीतला कोवळ्या उन्हाचा तास-दीड तास आणि मग दिवसभर उजेडी सावली, एवढे त्याला पुरते. जाता जाता एक : 'आयर्न क्रॉस' म्हणून रेक्सच्या शेजारी विकला जातो तो बेगोनिया मेसोनियाना, ही वेगळी जाती आहे. खडबडीत हिरव्या पानावर मधोमध तपकिरी फुली असलेले ते झाड उत्तम आहे, पण रेक्स समजून घेऊ नये.

माती-कुंडीचा भाग मी झटपट सांगतो. कुंडी उथळ आणि आटोपशीर असावी, कारण मुळे खोल जात नाहीत आणि खालची रिकामी माती नुसती ओली राहते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, परलाइट (हलके, पांढरे खनिजाचे दाणे) किंवा भाताचे तूस एक भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग, मूठभर गांडूळखत, एवढे मिश्रण पुरते. कोकोपीट मात्र दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावे, त्यात क्षार असतात. बोअरचे जड पाणी वापरले तर मातीवर पांढरा थर येतो आणि कडा जळतात. पावसाचे पाणी साठवता आले तर सोन्याहून पिवळे. खत वाढीच्या दिवसांत पंधरवड्याने, विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) लिटरला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको.

आता काचपेटी, म्हणजे टेरारियम. नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत नेचे उगवलेले दिसले आणि त्यातून पुढे काचपेटीत झाडे वाढवण्याची आणि जहाजातून नेण्याची पद्धत रूढ झाली. रेक्सला ती मानवते, पण सरसकट नाही. काच ओलावा राखते, उष्णता घालवत नाही. पुण्यातल्या एप्रिलसाठी बंद काचपेटी म्हणूनच वरदान आहे, आणि मुंबईच्या मेमध्ये ती बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते, कारण तिथे कमी असलेली गोष्ट ओलावा नव्हेच. थेट ऊन लागणाऱ्या खिडकीत बंद पेटी ठेवली तर कुठल्याही गावात झाड तासाभरात शिजू शकते. पेटीला उजेड दिव्याचा द्यावा : साधी पांढरी एलईडी पट्टी, पानांपासून वीस-पंचवीस सेंटीमीटर वर, दिवसाचे बारा तास.

पेटीसाठी जुनी माशांची टाकी उत्तम, कारण तिच्यात अख्खा हात जातो. अरुंद तोंडाच्या बरण्या दिसायला सुरेख असतात, पण सडलेले एक पान काढता येत नाही आणि तेच बाकीच्यांना बुडवते. तळाशी खडे आणि कोळसा घालतात, त्याला पाण्याचा निचरा म्हणणे चूक आहे. भोक नसलेल्या भांड्यात निचरा होणार कुठे? तो थर म्हणजे जादा पाण्याची टाकी आहे, आणि ती भरली की पाणी वर मुळांपर्यंत येते. म्हणून पेटीत पाणी चमच्याने घालावे, आणि खड्यांत पाणी चढलेले दिसले तर नळीने ओढून काढावे. सकाळी काचेवर धुके असावे आणि दुपारपर्यंत ते विरावे. दिवसभर थेंब ओघळत असतील तर झाकण दोन बोटे सरकवून ठेवावे. पाने काचेला टेकू देऊ नयेत. टेकलेल्या जागी पाणी साचते आणि तिथूनच सड सुरू होते.

आकाराच्या बाबतीत दुकानांत बरीच फसगत होते. टेरारियमसाठी म्हणून विकली जाणारी इवलीशी रोपे पुष्कळदा मोठ्या वाणांची बाळे असतात आणि वर्षभरात झाकण उचलू लागतात. पान पूर्ण वाढल्यावर केवढे होते, हे विकणाऱ्याला विचारावे आणि त्याला सांगता आले नाही तर घेऊ नये. कायम बंद पेटीच हवी असेल तर रेक्सचा हट्ट सोडून पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला, पिवळ्या फुलांचा बेगोनिया प्रिझमॅटोकार्पा लावावा. तो उघड्या हवेत जगत नाही आणि बंद पेटीत मजेत फुलतो. पेटीतले झाड बाहेर काढायचे झाल्यास मात्र घाई नको. दोन-तीन आठवडे झाकण रोज थोडे अधिक उघडत न्यावे, नाहीतर पाने एका दिवसात ओल्या कागदासारखी लोळतात.

रोगांत भुरी सर्वांत त्रासदायक. दिवाळीनंतर दिवस उबदार आणि रात्री गार होऊ लागल्या, की पानांवर पिठासारखे गोल डाग दिसतात. डागाळलेले पान लगेच कापून घराबाहेर टाकावे, झाडांमध्ये हवा खेळती करावी आणि विद्राव्य गंधकाची फवारणी आधी एकाच पानावर करून पाहावी, उन्हाच्या वेळी तर मुळीच करू नये. ज्यांच्या घरी मांजर किंवा कुत्रा आहे त्यांनी झाड उंचावर ठेवावे, कारण बेगोनियात ऑक्झलेट असते आणि ते चावल्यास तोंडाची आग होते.

झाडाची मजा खरी येते ती पानापासून नवे रोप करताना. बियांपासून संकराचे रूप हुबेहूब येत नाही, पानापासून येते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा त्यासाठी उत्तम काळ. पूर्ण वाढलेले पण म्हातारे न झालेले पान घ्यावे, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने त्याचे पाचरीसारखे तीन-चार सेंटीमीटरचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यात एक मोठी शीर टोकापर्यंत आली पाहिजे, हे पाहावे. शिरेचे टोक धुतलेल्या कोकोपीटमध्ये सेंटीमीटरभर खोचून मिठाईच्या पारदर्शक डब्यात ठेवावे, झाकण लावून, उजेडी सावलीत. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात, आणखी महिन्याभरात शिरेच्या बुडाशी नखाएवढी पाने फुटतात. त्यांचा पहिला रंग पाहून निराश होऊ नये. नक्षी तिसऱ्या-चौथ्या पानापासून उमटू लागते. जुना तुकडा सुकेपर्यंत त्याला रोपापासून तोडू नये, आणि डब्यावर वाणाचे नाव आजच लिहून ठेवावे, कारण त्या वयात सगळी रोपे सारखीच दिसतात.