पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागते तेव्हा

(दृश्य: पहाटेचा गोदाघाट. पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती.)

नाशिककराला गोदावरीचा पूर क्युसेकच्या आकड्यांत कळत नाही, तो मारुतीच्या अंगावर दिसतो. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच उभ्या असलेल्या या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की घाटावरचे विक्रेते माल उचलू लागतात, कमरेला लागले की भांडी बाजार आणि सराफ बाजार सावध होतात, आणि पाणी छातीच्या वर चढले की जुन्या घरांतली म्हातारी माणसे 1969 च्या महापुराची आठवण काढतात. त्यानंतरच्या पिढीकडे 2008, 2016 आणि 2019 ची वर्षे आहेत. जवळच नारोशंकराच्या मंदिरावर एक मोठी घंटा आहे. वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांवर मिळालेल्या विजयाची ती खूण मानली जाते, आणि तिच्यापर्यंत पाणी पोहोचणे म्हणजे पुराची परिसीमा, असे जुने नाशिककर मानत आले. लढाईतून आलेली घंटा गावाला पुराचे माप सांगण्याच्या कामी आली. लढण्यासाठी आणि लढणाऱ्यांना वाचवण्यासाठी घडवलेली माणसे निवृत्तीनंतर पुराच्या कामी कशी येतात, ते आपण आता पाहणार आहोत.

(दृश्य: गंगापूर धरण, दरवाज्यांतून पडणारे पाणी.)

नाशिकचा पूर बहुतेक वेळा कळवून येतो. पाऊस त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत पडतो, पाणी गंगापूर धरणात साठते आणि विसर्ग वाढवण्यापूर्वी नदीकाठाला सूचना दिली जाते. किल्लारीला अशी सूचना मिळाली नव्हती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली तेव्हा माणसे झोपेत होती आणि दगडमातीच्या जड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. नाशिकला मात्र काही तास मिळतात, आणि हे तास कोण वापरतो, यावर पुढचे पुष्कळ काही ठरते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे आहे, राज्याच्या दलाचे एक ठाणे धुळ्याला आहे. ही दले तयारीची आणि निष्णात आहेत, पण त्यांनाही बोटी आणि साहित्य घेऊन रस्त्यानेच यावे लागते. तोपर्यंतचा वेळ गावातल्याच माणसांच्या हातात असतो. निफाड तालुक्यातल्या चांदोरी आणि सायखेडा या गावांना हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण गोदावरी फुगली की तिथे पाणी शिरते आणि पहिली धाव तिथल्याच तरुणांची असते.

(दृश्य: देवळाली कॅम्प, झाडांनी झाकलेला रस्ता, सकाळी फिरायला निघालेली निवृत्त माणसे.)

नाशिकजवळ लष्कराचे वास्तव्य जुने आहे. देवळालीला तोफखान्याची प्रशिक्षण शाळा आहे, नाशिक रोडला तोफखाना केंद्र आहे, गांधीनगरला लष्करी वैमानिकांचे प्रशिक्षण होते. नोकरी संपल्यावर या परिसरात घर करून राहिलेले माजी सैनिक पुष्कळ आहेत. जवान निवृत्त होतो तो अनेकदा चाळिशीच्या आसपास, म्हणजे हातपाय धड असताना आणि मुले अजून शाळेत असताना. त्याला दोरखंडाच्या गाठी येतात, नकाशा वाचता येतो, अंधारात माणसे मोजून आणता येतात आणि वायरलेसवर कमीत कमी शब्दांत बोलता येते. पुढे तो एखाद्या इमारतीच्या फाटकावर सुरक्षा रक्षक म्हणून उभा राहतो आणि या सगळ्यातले काहीही त्याला कोणी विचारत नाही.

देवळालीच्या नावाशी याच संदर्भात एक वेदनादायक गोष्ट जोडलेली आहे. ब्रिटिश काळात येथे सैनिकांची संक्रमण छावणी होती. सेवेची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे महिनोन्महिने पडून राहत. कवायत संपलेली, काम नाही, उन्हाळा आणि ताप अंगावर, अशा अवस्थेत अनेकांचे चित्त बिघडे. त्यावरून इंग्रजी भाषेत भ्रमिष्ट माणसासाठी ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला, आणि तो आजही तिथल्या शब्दकोशांत आहे. आपल्या गावाचे नाव जगात अशा अर्थाने जावे याचे वाईट वाटते, पण त्या शब्दात दडलेले निरीक्षण खरे आहे. काम काढून घेतलेला सैनिक आतून ढासळू शकतो.

हीच गोष्ट अमेरिकेत अलीकडे पुन्हा दिसली. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जेक वूड आणि विल्यम मॅकनल्टी हे दोन माजी मरीन सैनिक काही सहकाऱ्यांना आणि वैद्यकीय व्यक्तींना घेऊन स्वतःच तिथे पोहोचले आणि त्यातून ‘टीम रुबिकॉन’ ही संस्था उभी राहिली. त्यांच्यासोबत हैतीत काम केलेला क्ले हंट हा इराक आणि अफगाणिस्तानात लढलेला सैनिक होता. मार्च 2011 मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर संस्थेची दृष्टी पालटली. आपत्तीग्रस्तांना सैनिकाची गरज आहेच, पण सैनिकालाही सोबत्यांची आणि अर्थपूर्ण कामाची तितकीच गरज आहे, हे तिच्या कामाच्या केंद्रस्थानी आले. माजी सैनिकांमधील आत्महत्या रोखण्यासाठी अमेरिकेत 2015 मध्ये झालेला कायदा क्ले हंटच्याच नावाने ओळखला जातो.

(दृश्य: मोकळे मैदान. काही माणसे जखमींची भूमिका करत जमिनीवर पडली आहेत. हाताला रंगीत फिती.)

सैनिकाच्या शिस्तीला डॉक्टरची नजर मिळावी लागते. हा सराव पाहा. वीस माणसे जमिनीवर आहेत. त्यातला एक जण पायाला धरून मोठमोठ्याने ओरडतो आहे, आणि नवखा स्वयंसेवक साहजिकच त्याच्याकडे धावतो. लष्करात नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी केलेले गृहस्थ त्याला हाताने अडवतात.

“ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, बाळा. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा.”

बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टर बाई पुढचे सांगतात. ज्याला चालता येते त्याला एका बाजूला बसवून हिरवी फीत बांधायची. बाकीच्यांचा आधी श्वास पाहायचा. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जलद असेल तर लाल फीत. नसेल तर नख दाबून सोडायचे, आणि त्याचा रंग 2 सेकंदांत परतला नाही तरीही लाल. रंग परतला तर साधी सूचना द्यायची, जसे की माझा हात दाबा; ती पाळता आली नाही तर लाल, आली तर पिवळी. श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास सुरू होत नाही त्याला काळी फीत बांधून पुढे सरकायचे. एका माणसाला साधारण अर्धा मिनिट. काळी फीत बांधणे हे या सगळ्यात सर्वांत अवघड काम आहे, कारण डॉक्टर झालेल्या माणसाचा हात तिथून निघत नाही. पण त्या एका ठिकाणी दहा मिनिटे गेली तर शेजारच्या तिघांचे रक्त वाहून जाते.

जखमींची अशी वर्गवारी मुळात रणांगणावर जन्मली. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लारे याने हुद्दा न पाहता, ज्याची जखम अधिक गंभीर त्याच्यावर आधी उपचार, हा नियम धरला. त्यामुळे सैनिक आणि डॉक्टर या कामात एकत्र येतात तेव्हा एकाच घरातली दोन माणसे भेटल्यासारखे होते. आपल्या देशातही याचा अनुभव आला आहे. एप्रिल 2021 मध्ये करोनाची दुसरी लाट शिगेला असताना, मागील दोन वर्षांत निवृत्त झालेल्या लष्करी वैद्यकीय कर्मचाऱ्यांना त्यांच्या राहत्या घराजवळच्या उपचार केंद्रांत परत कामावर बोलावले गेले, आणि अनेक निवृत्त लष्करी डॉक्टरांनी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्लासेवेवरून घरबसल्या रुग्णांना सल्ला दिला.

(दृश्य: पुराच्या पाण्यातली बोट, काठावर गर्दी.)

नाही म्हणण्याची हिंमत हाही या माणसांचा मोठा उपयोग आहे. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि गावातली माणसे बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. पाणी चढत असताना आणि समोर आई लेकराला पुढे करत असताना ‘आता जागा नाही, पुढच्या फेरीला’ असे म्हणणे सामान्य माणसाला जमत नाही. ज्याने आयुष्यभर हुकूम पाळला आणि दिला, त्याला ते जमू शकते, आणि गर्दीही त्याचे ऐकते.

तसेच स्वतःच्या शरीराबद्दलही खरे बोलावे लागते. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्र वर नेता आले नाही, मदत करणाऱ्यांना भर पावसात निसरडी वाट चढून जाऊन कुदळ-फावड्याने माती उपसावी लागली. तिथे 27 मृतदेह मिळाले आणि 57 जण बेपत्ता राहिले. वाट चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचाही हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत डोंगराच्या कुशीत वसलेल्या कितीतरी वाड्या आहेत. साठीतला माजी सुभेदार मनाने अजूनही चौकीवरच असतो, त्यामुळे त्याचा रक्तदाब तपासून त्याला डोंगर चढण्याऐवजी पायथ्याच्या नियंत्रण कक्षात बसवणे, हे डॉक्टरने करायचे पहिले काम आहे. त्याला ते आवडत नाही. तरी करावे लागते.

(दृश्य: पाणी ओसरल्यानंतरची गल्ली, चिखल, भिंतीवर पाण्याची रेघ.)

कॅमेरे निघून गेल्यावर वैद्यकीय काम वाढते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून अनवाणी चालणाऱ्याला पायाच्या भेगांमधून लेप्टोस्पायरोसिसची लागण होते, आणि सुरुवातीचा ताप साध्या तापासारखाच वाटत असल्याने तो अंगावर काढला जातो. पाण्यात उतरावेच लागणाऱ्यांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली डॉक्सिसायक्लिन देता येते, हे आधी ठरवून ठेवता येते. बिळात पाणी शिरल्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ओट्यावर, सरपणात, अंथरुणात येतात. दंश झालेल्या माणसाला न चालवता, जखम न कापता आणि दोरी करकचून न आवळता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात नेणे, एवढे जरी गल्लीतल्या दोघांना पक्के ठाऊक असेल तरी जीव वाचतो. विहिरीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर किती आणि केव्हा टाकायची, हे आरोग्यसेवकाला विचारूनच करावे लागते.

आणि काही रुग्ण असे असतात की त्यांना पूर अंगावर न येताही मारतो. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणारा, इन्सुलिनची बाटली बंद पडलेल्या फ्रिजमध्ये असलेला मधुमेही, घरी ऑक्सिजनवर असलेली आजी, दिवस भरलेली बाई. पूल बंद झाला की यांचे घड्याळ सुरू होते. किल्लारीनंतर आणि भुजनंतर मदतीच्या नावाने आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले, आणि या माणसांना लागते ती गोष्ट कपड्यांच्या गाठोड्यात नसते. त्यांना कोणी तरी त्यांचे नाव आणि घर आधीपासून माहीत असलेले हवे असते.

म्हणून अशा माणसांची नावे आधीच लिहून ठेवलेली वही लागते, आणि ती घेऊन निघणारी शिकलेली माणसे लागतात. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत 18 ते 40 वयाच्या स्वयंसेवकांना 12 दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते, आणि माजी सैनिक व निवृत्त वैद्यकीय व्यावसायिकांसाठी वयाची अट शिथिल करता येते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, त्यामुळे मदतीला निघणाऱ्याने आधी जिल्हा नियंत्रण कक्षाशी 1077 वर बोलून आपले नाव, आपले कौशल्य आणि आपली माणसे कळवणे योग्य. परस्पर पाण्यात उतरणारा शूर माणूस बचाव पथकाच्या यादीत आणखी एक बुडणारा म्हणून जमा होऊ शकतो. नाशिकला ही घाई अधिक आहे, कारण सिंहस्थ जवळ आला आहे, आणि 27 ऑगस्ट 2003 च्या चेंगराचेंगरीत येथे 39 भाविक गेले होते.

(दृश्य: एका घराच्या पडवीत टेबल. पुठ्ठ्याची वही उघडी आहे. बाहेर पाऊस.)

या वहीत चार गल्ल्यांतली नावे आहेत. निवृत्त हवालदारांचे अक्षर टपोरे आणि सरळ आहे. औषधांची नावे डॉक्टर बाईंनी लाल शाईने लिहिली आहेत. कोणाकडे व्हीलचेअर आहे, कोणाचा मुलगा पुण्याला आहे, कोणाचे दार धक्का दिल्याशिवाय उघडत नाही, हेही लिहिले आहे. धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आली आहे. घाटावरचा पोरगा फोनवर सांगतो की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले.

हवालदारसाहेब चष्मा पुसतात, वहीचे पहिले पान काढतात आणि पहिल्या नावाला फोन लावतात.

“काकू, पिशवी भरली का? गोळ्या वर ठेवा. अर्ध्या तासात दोन पोरं येताहेत, त्यांच्याबरोबर निघा.”